बाकवाली डॉक्टरीण

माझी धाकटी बहीण डॉक्टर विजया गेली, त्याला आता महिना उलटला. रोह्यात तिला सगळे ‘बाकवाली डॉक्टरीण’ म्हणत. पनवेलच्या ज्या हॉस्पिटलात ती शेवटी होती, तिथल्या अतिदक्षता विभागाच्या दारात मी जे वागलो, तिथूनच सुरुवात करतो. कारण पुढं जे सांगायचं आहे, ते त्याच वागण्याची जुनी आवृत्ती आहे. तिला ताप होता, धाप लागत होती. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाला, “सर, आधी रक्ताचे नमुने घेतो, मग लगेच अँटिबायोटिक सुरू करतो. फार वेळ नाही लागणार.” मी, पेणमध्ये उभी हयात प्रॅक्टिस केलेला माणूस, त्याच्यावर खेकसलो. “नमुने कसले घेत बसलाय? पॉवरचं काहीतरी सुरू करा आधी! बहीण आहे माझी.” त्यानं वाद घातला नाही, नर्सला औषध सोडायला सांगितलं. विजूनं तोंडावरचा मास्क बोटानं बाजूला केला आणि विचारलं, “रक्त घेतलंत का आधी?” तो ओशाळून म्हणाला, “मॅडम, नातेवाईक थांबत नाहीत.” विजूनं मान वळवून मला पाहिलं. हसली. म्हणाली, “दादा... तू आता नातेवाईक झालास.”

त्यानंतर ती माझ्याशी बोलू शकली नाही. माझ्या त्या घाईमुळे ती गेली, असं मी म्हणत नाही. तिचं वय होतं, मधुमेह होता, फुप्फुसं आधीच थकली होती. पण डॉक्टरी शिकलेल्या माणसानं दुसऱ्या डॉक्टरच्या हातून, त्याला पटत नसताना, आधी औषध द्यायला लावलं. आयुष्यभर हेच माझ्याकडून लोकांनी करून घेतलं होतं, आणि मी हसतमुखानं करत आलो होतो.

रोह्याला शोकसभा झाली. तिच्या दवाखान्याकडे कधी न फिरकलेली माणसं पहिल्या रांगेत होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी बाईंच्या साधेपणावर, निःस्पृहतेवर पुष्कळ छान भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, “खांब गावच्या मुलीचं ते एक प्रकरण सोडलं, तर बाईंच्या हातून कधी चूक झाली नाही. माणूस म्हटलं की चूक व्हायचीच. आपण मोठ्या मनानं विसरू या.” सभेनं माना डोलावल्या. मोठं मन! ज्या बाईनं चूक केलीच नव्हती, तिला माफ करायला गाव जमलं होतं. मला उठून बोलता आलं असतं. माइक हाताच्या अंतरावर होता. मी उठलो नाही. घरी आलो, जेवलो, झोपलोसुद्धा. सकाळी आरशात बघताना स्वतःची किळस आली. तेव्हा सभेत जे बोललो नाही, ते आता लिहितो. शोकसभेत होते त्यांनी वाचावं. नव्हते त्यांनी जरूर वाचावं.

आम्ही रोह्याचे. वडील शाळामास्तर. मी डॉक्टर होऊन पेणला दवाखाना टाकला. काही वर्षांनी विजू शिकून आली, ती रोह्याच्या घरातच पुढच्या दोन खोल्यांत बसली. लग्न तिनं केलं नाही. वडिलांच्या शाळेतून मोडीत निघालेला एक लांब सागवानी बाक तिनं पडवीत आणून ठेवला आणि तो बाक हेच तिचं मुख्य औषध झालं. ताप आलेलं, नाक गळणारं पोर घेऊन बाई आली की विजू नीट तपासायची, तापाचं साधं औषध द्यायची आणि सांगायची, “बस त्या बाकावर. याला पेज पाज. मी तासाभरानं परत बघते.” मग पुन्हा बघायची. पुन्हा बसवायची. पोर खेळायला लागलं की घरी पाठवायची, नाही लागलं तर पुढचा विचार करायची. खाडीकडच्या मिठागरांत कामाला जाणाऱ्या बायका तिची खूप चेष्टा करत. एक म्हातारी तर तोंडावर म्हणायची, “तुज्याकडं यायचं म्हंजे भाकरी बांधूनच यावं लागतं गो बाय. आनि सुई?” “सुई नाही.” “सुई नाय, मंग आमी आलो कशाला?” “पोराला काही झालं नाही हे ऐकायला आलीस.” “ते तं माजी सासूबी सांगते, फुकाट!” सगळा बाक हसायचा, विजूही हसायची. म्हातारी मात्र तिथून उठून सरळ दुसऱ्या दवाखान्यात सुई घ्यायला जायची.

पुष्कळजण माझ्याकडेही यायचे. पेणला येणाऱ्या गाडीत बसून, विजूच्या दारावरून, माझ्या दारात. कारण माझ्या हाताला गुण होता. ‘हातगुण’ हा शब्द मला आता शिवीसारखा ऐकू येतो. तो कसा मिळवतात ते सांगतो, कारण डॉक्टर लोक हे सांगत नाहीत. साधा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपल्या पायांनी निघून जातो. मी दुसऱ्या दिवशी सुई आणि अँटिबायोटिक देत असे. ताप गेला की श्रेय सुईला, आणि सुईचं श्रेय माझ्या हाताला. पूर्ण कोर्स कोणी घेत नसे, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फळीवरच्या डब्यात जात, पुढच्या तापाला. मला हे माहीत होतं. मीच कधी कधी म्हणत असे, “दोन जास्त देऊन ठेवतो, लागल्या तर.” मी अडाणी नव्हतो. कोणत्या तापाला कोणतं औषध लागत नाही हे मला विजूइतकंच ठाऊक होतं. पण रोगी समोर बसून म्हणतो, “डॉक्टर, मागच्या टायमाला दिली ती लाल गोळी द्या, तीच लागू पडते,” तेव्हा नाही म्हणायला जो कणा लागतो, तो मला नव्हता. नाही म्हटलं की तो समोरच्या दवाखान्यात जाणार. समोरचा देणार. मग मीच का नको? पेणमधल्या प्रत्येक डॉक्टरनं स्वतःला हेच विचारलं असेल आणि हेच उत्तर दिलं असेल. अशानं आख्खा तालुका ज्या औषधांना सरावला, ती औषधं आता काम करत नाहीत म्हणून आम्हीच परिषदांमध्ये गळे काढतो आणि वर जेवून येतो.

पेणमध्ये गणपतीच्या आधीचे आठवडे म्हणजे कारखान्यांची धांदल. मूर्ती रंगवणारे कारागीर रात्रंदिवस बसलेले असतात, कोणी आजारी पडून चालत नाही. म्हणून कारखानदार त्यांना टेम्पोत घालून माझ्याकडे आणत. कोणाचा घसा दुखत असे, कोणाचा नसे. सगळ्यांना एकच सुई, एकच पुडी. त्याला लोकांनी नावच पाडलं होतं, ‘गणपतीचं इंजेक्शन’. एका राखीपौर्णिमेला विजू आली, तेव्हा माझ्या पडवीत अशीच रांग होती, हातांना शेंदरी, पिवळे रंग लागलेले. ती आत आली, राखीचं ताट टेबलावर आपटलं. “यांच्यातल्या किती जणांना तपासलंस?” मी म्हटलं, “वेळ कुठे आहे?” ती म्हणाली, “साच्यातून काढल्यासारखं सगळ्यांना एकच? दादा, तू माणसं बघतोस की मूर्ती ओततोस?” रांगेतल्या माणसांसमोर बोलली. मला झोंबलं. मी म्हणालो, “तुझा दवाखाना रिकामा असतो म्हणून तुला तत्त्वं सुचतात.” तिनं राखी बांधली, पण जेवायला थांबली नाही.

त्याच वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. खांबच्या एका कुटुंबातली सहा-सात वर्षांची मुलगी आईबरोबर आजोळी, पेणजवळच्या जिते गावी आली होती. बाप धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर. मुलीला ताप भरला. जित्याहून पेण जवळ, आई माझ्याकडे घेऊन आली. “डॉक्टर, घरात गौरी हायेत आनि पोरगी लोळतेय. काय तरी पॉवरचं द्या.” मी पोटावर हात ठेवला, जीभ बघितली. टायफॉइड असू शकेल असं मनात आलं. रक्त तपासायला हवं होतं. बाहेर गर्दी होती. मी सुई दिली, दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि दोन जास्त, लागल्या तर. ताप दबला. विसर्जन झालं. ती माणसं खांबला परतली, आणि ताप पुन्हा वर आला. तेव्हा ती जवळच्या डॉक्टरकडे गेली. म्हणजे विजूकडे.

विजूनं मुलीला बाकावर बसवलं, तपासलं, पुन्हा तपासलं आणि आईला विचारलं, “आधी कुठे दाखवलंत का? काही गोळी, सुई?” आई म्हणाली, “कुठंच नाय, बाई.” इथं एक लिहायला हवं. विजू ओरडायची. उठसूट सुया घेणाऱ्या बायांना ती फाडून खायची, सासवांसमोर, नवऱ्यांसमोर. बायका तिला घाबरत, आणि घाबरलेलं माणूस डॉक्टरला खरं सांगत नाही. ही तिची चूक होती, आणि शोकसभेत मोठं मन दाखवायचं तर या चुकीला दाखवायचं होतं. पण तिला आईच्या उत्तराचा भरवसा वाटला नसावा. माहेर जित्याचं आहे, गणपतीत तिथं होती, एवढं तिनं काढून घेतलं आणि मला फोन केला.

“दादा, खांबची एक मुलगी आहे माझ्याकडे. गणपतीत जित्याला होती. तुझ्याकडे आणली होती का? काही दिलंयस का तिला?”

मला मुलगी तत्काळ आठवली. गौरीच्या फुलांची वेणी केसांत, तापानं सुकलेली. मी म्हणालो, “इथं एवढी गर्दी असते गं, मला कसं आठवणार?”

“आठव ना. महत्त्वाचं आहे. मी रक्त कल्चरला पाठवतेय, जंतू वाढतात का बघायला. आधी औषध पोटात गेलं असेल, तर त्यात काही उगवणार नाही.”

मला सगळं कळत होतं. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण ‘हो’ म्हटलं असतं, तर राखीच्या दिवशी रांगेसमोर ती जे बोलली, ते खरं ठरलं असतं. “नाही आली माझ्याकडे,” मी म्हणालो. तिनं “बरं” म्हणून फोन ठेवला.

रक्तात काही उगवलं नाही. माझ्या औषधानं जंतू मेले नव्हते, नुसते दडले होते. रिपोर्ट स्वच्छ, आधी काही घेतलेलं नाही असं आईही म्हणते, सख्खा डॉक्टर भाऊही म्हणतो. साथीचे दिवस होते. विजूनं विषाणूचा ताप धरला, मुलीला रोज आणून दाखवायला सांगितलं आणि वाट बघितली. वाट बघणं हेच तिचं शास्त्र होतं, आणि खरी माहिती हातात असती, तर त्या मुलीच्या बाबतीत तिनं एक दिवसही वाट बघितली नसती. पोट फुगलं तेव्हा तिनं स्वतः गाडी ठरवून मुलीला मुंबईला धाडलं. वडखळच्या पुढं, वाहनांच्या रांगेत अडकलेल्या त्या गाडीत, मुलगी गेली.

विजूच्या दारात जमाव आला. पाटीवर शेण फासलं, बाक उचलून रस्त्यात आपटला, त्याचा एक पाय तुटला. “औषध दिलं नाय, नुसती बसवून ठेवली!” कोणीतरी मला फोन केला. मी पेणहून गेलो, आणि जमाव बाजूला झाला. काहींनी माझ्या पायांना हात लावला. मोठे डॉक्टर आले. मी शांत आवाजात चार वाक्यं बोललो आणि माणसं मागे सरली. तेवढ्यात मुलीचा बाप माझ्यासमोर येऊन रडत म्हणाला, “तुमच्याकडंच परत आनली असती तर वाचली असती ओ डॉक्टर...” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दुःखात त्यानं मला मोठं केलं आणि मी ते घेतलं. विजू आत, अर्ध्या लोटलेल्या दारामागे उभी होती. तिनं ‘परत’ ऐकलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही मला काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी राखी बांधायला आली, जेवायलाही थांबली. पण त्यानंतर तिनं मला एकाही पेशंटबद्दल कधी फोन केला नाही.

तिची प्रॅक्टिस तिथंच संपल्यात जमा होती. बाकाला तिनं सुताराकडून नवा पाय बसवून घेतला आणि तो पुन्हा पडवीत ठेवला. कधी दोन-तीन माणसं बसलेली असत, कधी कोणीच नसे. पेणमध्ये माझे सत्कार होत राहिले. तिच्याबद्दल विषय निघाला की मी म्हणायचो, “विजू हुशार आहे, जरा हट्टी आहे इतकंच.” हे वाक्य मी आठवून लिहिलेलं नाही, ते माझ्या तोंडातच बसलेलं आहे. सवयीनं बोलायचो. नीचपणाची सवय होते, हे मी माझ्यावरून सांगतो.

शोकसभेनंतर मी खांबला गेलो. बाप आता केस पिकलेला, तरी अजून धाटावलाच कामाला. शिफ्टला जायची तयारी चालली होती. ओटीवर बसून मी सगळं सांगितलं, फोनसकट. तो ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, “तवा का नाय बोललास?” आयुष्यात पहिल्यांदा कोणा पेशंटच्या माणसानं मला अरेतुरे केलं, आणि माझी तेवढीच लायकी होती. “मी तुज्या पायाला हात लावला त्या दिवशी. बाईंच्या पाटीला माज्या भावानं शेण लावलं. आनि तू हात ठेवलास माज्या खांद्यावर?”

दारात मुलीची आई उभी होती. ती खाली बसली. म्हणाली, “बाईंकडं न्यायच्या आधी सकाळी अर्धी गोळी दिलेली मी. तुमचीच, उरलेली. बाईंनी इचारलं तवा मी नाय म्हनाले. वाटलं, वरडतील. इतकी वर्सं मला वाटतं, मीच मारली.” नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. हे त्यानंही आज पहिल्यांदा ऐकलं होतं. एकाच बाईनं आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारला होता, आणि आम्ही दोघांनी तिला एकच खोटं उत्तर दिलं होतं. एकीनं भीतीनं, एकानं तोऱ्यानं. एकीनं त्याची शिक्षा रोज भोगली, एकानं शाली घेतल्या. मी म्हटलं, “यात तुमचा दोष नाही. तुम्हाला कळत नव्हतं. मला कळत होतं.” तिनं पदरानं डोळे पुसले. “मंग लिवा पेपरात. आमच्या गावात अजून बाईंचं नाव निघालं की लोक थुकतात. माज्या पोरीचं नाव नका लिवू. बाईंचं लिवा.” बाप गाडीला किक मारून गेला. त्यानं मला माफ केलेलं नाही, आणि हे वाचून कोणी करू नये.

तेव्हा लिहितो. खांबच्या त्या मुलीच्या बाबतीत डॉक्टर विजयाच्या हातून चूक झाली नाही. तिनं योग्य प्रश्न योग्य माणसांना विचारला होता.

रोह्याचं घर रिकामं करताना बाक मी पेणला आणला. माझा दवाखाना बंद होऊन काही वर्षं झाली, तरी सकाळी कोणी ना कोणी पडवीत येऊन उभं राहतं. जुना हातगुण, तो सुटत नाही. मागच्या आठवड्यात एक तरुण आई नाक गळणारं पोर घेऊन आली. मी तपासलं. छाती स्वच्छ, पोर बिस्किट खात होतं. “बस त्या बाकावर. पाणी पाज त्याला. मी थोड्या वेळानं परत बघतो.”

“सुई?”

“नाही.”

“गोळी तरी, डॉक्टर. लांबून आलेय.”

“ताप वाढला तर तापाची. दुसरं काही नाही.”

ती बसली. बाकाचा नवा पाय जरासा आखूड आहे, बसलं की तो डुगडुगतो. पोराला ते आवडलं, ते मुद्दाम पुढं-मागं होत राहिलं, हसायला लागलं. आई मात्र समोरच्या दवाखान्याच्या पाटीकडे बघत होती. शेवटी उठलीच. फाटकातून बाहेर पडता पडता फोनवर कोणाला तरी सांगत होती, “नाय गो, म्हाताऱ्याच्या हातात आता पयला गुण नाय ऱ्हायला. नुसता बसवून ठेवतो!”

मला इतकं हसू आलं... आणि हसता हसताच उठून मी आत गेलो, रोह्याला विजूला फोन लावायला.